बुडीतातली खुंटी

बुडीतात गेल्यावर कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही, असा आमच्याकडे दंडक होता. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावाला आम्ही बुडीत म्हणायचो. माझा जन्म धरणानंतरचा. आमचं नवं गाव पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर वसलेलं. वर्षभर खाली नुसतं पाणी दिसायचं. वैशाखात ते उतरायला लागलं की आधी देवळाचा चौथरा वर यायचा, मग भिंती. दारं नाहीत, छपरं नाहीत, नुसत्या भिंती, आणि मधोमध तडकलेला गाळ. तिथं गुरांना हाकारा घातला तरी चालायचा, माणसाला नाही. भिंती नाव ऐकतात आणि धरून ठेवतात, असं आय सांगायची. आय म्हणजे माझी आई. मी पुढं जन्मभर प्रयोगशाळेत काम केलं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. कशाला उगाच?

तो दंडक मी एकदा मोडला. मी सहा-सात वर्षांची असेन, दादा माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. चुकलेली म्हैस शोधायच्या निमित्तानं आम्ही दोघं भर दुपारी बुडीतात उतरलो. पोरांनी तिथं जायचंच नाही असा घरचा हुकूम होता, पण म्हैस चुकली होती, त्याला आम्ही काय करणार? खाली वारा नव्हता. पाखरू बोलत नव्हतं. आपलेच पाय गाळात वाजायचे आणि जरा वेळानं तोच आवाज एखाद्या भिंतीमागून परत यायचा. मला सारखं वाटत होतं की एकेक घर मान वळवून आमच्याकडे बघतंय.

दादानं आजोबांचं घर ओळखलं. कशावरून, तर खुंटीवरून. आमच्या दाराच्या आतली खुंटी उजवीकडे वाकलेली होती, असं आयनं शंभर वेळा सांगितलं होतं. ती होती की तिथं! काळी पडलेली, पण धड. घरात गाळ भरल्यामुळे माणसाच्या खांद्याच्या उंचीवर असायची ती खुंटी आता नडगीच्या उंचीवर आली होती. मला तिला हात लावायचा होता. दादा म्हणाला, "हात लावू नगंस." झालं! मला कुणी नको म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मी त्याच्या नावानं किंचाळले, मोठ्यांदा, आणि त्याला दोन्ही हातांनी ढकललं.

त्याची नडगी त्या खुंटीवर फाटली. हाड दिसलं. आणि माझी किंचाळी सगळ्या भिंतींवरून फिरून परत आली. चारी बाजूंनी कुणीतरी दादाचं नाव घेत होतं. माझी पाचावर धारण बसली. मी रडतरडत त्याला म्हणाले, "माझ्या गळ्याची शप्पथ घे. कुनाला सांगितलंस तर मी मरंन." त्यानं एका हातानं पाय धरला होता. दुसऱ्या हाताची बोटं त्यानं माझ्या गळ्याला लावली आणि म्हणाला, "शप्पथ."

घरी त्यानं बाभळीचा मोठा काटा लागला म्हणून सांगितलं. पाय पिकला, महिनाभर पू गेला, आयनं हळदीचे लेप घातले, आणि जखम मिटली. मी ती गोष्ट विसरले. म्हणजे विसरायचं ठरवलं आणि जमलं.

पुढं मामाकडे राहून मी पुण्यात शिकले आणि साठ सालानंतर एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. गावात मला सशाची डॉक्टरीण म्हणायचे, कारण माझं निम्मं काम सशांचं. गळवाच्या पुवात जे जंतू सापडतात, सूक्ष्मदर्शकाखाली करवंदांच्या घोसासारखे दिसणारे, ते मी वाढवायचे, उकडून मारायचे आणि सशांना टोचायचे. काही आठवड्यांनी सशाच्या कानातून रक्त घ्यायचं, गोठू द्यायचं, आणि वर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, बाजूला काढायचं. त्या पाण्यात अँटीबॉडी असतात. सशाला आजार झालेला नसतो, त्याला दिलेला जंतूही मेलेला असतो, तरी त्याचं रक्त त्या जंतूला जन्मभर ओळखतं. मला सुरुवातीला याचं फार भय वाटायचं. मेलेल्याला ओळखणारं रक्त घेऊन ते ससे पिंजऱ्यात बसलेले असायचे आणि लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघायचे.

एकदा मी आमच्या सरांना विचारलं, "हे रक्त ओळखतं म्हणजे नक्की काय ओळखतं?" सर पुण्याचे, पेठेतले, बोलायला मऊ, पण प्रश्न विचारला की तासभर सोडायचे नाहीत. ते म्हणाले, "भिंत. जंतूलाही भिंत असते. आणि त्या भिंतीत टायकोइक आम्ल नावाचा पदार्थ असतो. जुन्या परक्या भाषेतल्या भिंतीच्या शब्दावरूनच ते नाव पडलंय. त्याच्या लांब साखळ्या भिंतीतून बाहेर डोकावतात. त्यांतल्या काही भिंतीतच रुतलेल्या, काहींचं मूळ भिंतीच्या आतल्या पातळ पडद्यात. आणि त्या साखळीवर जागोजाग साखरेचा कण टांगलेला."

"खुंटीवर टांगल्यासारखा?" मी विचारलं.

"अगदी! अँटीबॉडी सगळं घर बघत नाही. ती खुंटी चाचपते आणि तिच्यावरची साखर कोणत्या बाजूला वळलीय ते बघते. साखर तीच, पण दुसऱ्या बाजूला वळलेली असली, तर काही अँटीबॉडी ओळखसुद्धा दाखवत नाहीत."

उजवीकडे वाकलेली खुंटी माझ्या डोळ्यांपुढे आली आणि गेली. मी बशा धुवायला उठले.

ही ओळख आम्ही बशीत बघायचो. काचेच्या बशीत अगारचा, म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेल्या खळीचा, पातळ थर ओतायचा. तो गोठला की त्यात मधे एक आणि भोवती सहा, बाहुलीच्या भातुकलीतल्या वाट्यांएवढी, भोकं पाडायची. मधल्या भोकात जंतूच्या भिंतीतून थंड आम्लानं सोडवून घेतलेला तो पदार्थ, भोवतीच्या भोकांत वेगवेगळी सीरम. मग झाकून ठेवायचं. दोघंही अगारमधून हळूहळू एकमेकांकडे सरकतात. ओळख पटली तर दोघांच्या मधे एक पांढरी रेघ उमटते. ओळख नसेल तर काहीच होत नाही. ती रेघ उमटताना मी कधी पाहिली नाही, कुणीच पाहत नाही. सकाळी झाकण काढावं तर ती तिथं असते.

सरांना ताडून बघायला निरोगी माणसांचं सीरम हवं होतं. शहरातल्यांचं झालं होतं, आता खेड्यातल्या धडधाकट माणसांचं पाहिजे होतं. मी म्हणाले, "आमच्या गावी चला." जीप पौडापर्यंत नीट आली, पुढं तिनं सरांची हाडं खिळखिळी केली.

तेव्हा दादा वर्षभर झिजत होता. दुपार कलली की ताप, पाय ठणकायचा, अंगावर मांस राहिलं नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरनं क्षय म्हटलं, सुया टोचल्या, उतार नाही. मग आयनं देवऋषी गाठला. त्यानं तांदूळ टाकले आणि सांगितलं, "बुडीतातलं कायतरी ह्याला नावानं वळखतंय." हे आयनं मला सांगितलं तेव्हा मी तिच्याशी कडाकडा भांडले. इतकी भांडले की दादा म्हणाला, "आगं, पुरं कर, कान किटलं." पण नावानं हे त्या माणसाला कुठून कळलं, हा विचार मला रात्रंदिवस छळत होता. मी हाक मारली होती हे मी आणि दादा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि दादानं सांगितलं नव्हतं, एवढी मला खात्री होती.

आमच्या अंगणात सर खुर्चीवर बसले, मांडीवर वही. एकेक जण बाही सारून पुढं येत होता. दादाही येऊन बसला. सरांनी विचारलं, "यांना काही आजार?"

आय ताडकन म्हणाली, "आजार न्हाई. त्येला बाहेरचं हाय."

सर हसले. "हां, बाहेरचं खाणं बंद करा हो, तब्येत बघा केवढी उतरलीय," असं म्हणून त्यांनी वहीत निरोगीच्या रकान्यात खूण केली. पेठेतल्या माणसाला बाहेरचं म्हणजे हॉटेलातलं. आमच्याकडे बाहेरचं म्हणजे भूतबाधा. आयनं तर खरंच सांगितलं होतं, तिच्या लेखी आजार वेगळा आणि बाहेरचं वेगळं. मी तोंड उघडलं, पण आयनं डोळे वटारले, दादानं मान हलवली. आणि खरं सांगू? मला तो विषय नकोच होता. दुखणं पायाचं होतं ना. मी मूग गिळून नळीवर नंबर चिकटवला.

चार दिवसांनी सकाळी मी बशा खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. बहुतेकांना काहीच नव्हतं, किंवा केसाएवढी पुसट रेघ, जी कुणाच्याही रक्तात असू शकते. साधं गळू कुणाला होत नाही? आणि एका बशीत एका भोकापुढे जाड, पांढरीशुभ्र रेघ होती, आणि तिच्यामागे जरा अंतरावर दुसरी. इतकी जाड रेघ मी टोचलेल्या सशांचीसुद्धा पाहिली नव्हती. सरांनी मला ती चाचणी तीनदा करायला लावली. तीनदा रेघ आली. मग त्या सीरमला आधी नुसती साखर दिली, एका वळणाची, तर अँटीबॉडी तिच्यातच गुंतल्या आणि रेघ बुजली. त्याच साखरेचं दुसरं वळण दिलं, तर रेघ होती तशी उमटली.

सरांनी बशी स्वतः उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "ही जुनी ओळख नाही नुसती. या रक्ताची आणि त्या भिंतीची रोज गाठ पडतेय. या माणसाच्या अंगात कुठंतरी ते घर अजून उभं आहे आणि त्यात वस्ती आहे. कोण आहे हा?"

मी वही उघडली. नंबरापुढे माझ्याच अक्षरात दादाचं नाव होतं. मी ते वाचलं, आणि मला तेच नाव चारी बाजूंनी ऐकू आलं, सहा वर्षांच्या पोरीच्या किंचाळीतलं. खिडकी उघडी होती, बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, पिंजऱ्यात ससे पाला खात होते, आणि मी त्या नावावर बोट ठेवून उभी होते.

"माझा भाऊ," मी म्हणाले.

"पण तो निरोगी होता ना? काय होतंय त्याला?"

"बाहेरचं," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले.

त्याच आठवड्यात दादाला पुण्याला आणलं, मोठ्या इस्पितळात. आय बरोबर. पायाचा फोटो काढला. काचेवर लावलेल्या त्या फोटोत नडगीच्या हाडाच्या आत एक वेगळा तुकडा दिसत होता, बोटभर लांब, आजूबाजूच्या हाडापेक्षा पांढरा. तो तुकडा मेलेला होता आणि भोवती नवं हाड वाढून त्याला कोंडून बसलं होतं. शल्यचिकित्सक वयस्क होते, तिखट जिभेचे. सरांनी बशीतल्या रेघेबद्दल सांगितलं तर म्हणाले, "तुमची रेघ तुमच्या बशीत ठेवा. मी रेघेवर माणूस चिरत नाही." मग आम्हाला नीट समजावलं. क्षय असेल तर पायाला सुरी लावायची नाही, प्लास्टरमध्ये घालून महिनोन्‌महिने ठेवायचं. पण लहानपणची जखम आत कुजत राहिली असेल तर उद्याच्या उद्या चिरून तो तुकडा काढायचा, नाहीतर विष रक्तात चढेल आणि माणूस हातचा जाईल. फोटो दोन्हीकडे बोट दाखवत होता. "म्हणून नीट आठवून सांगा," ते दादाला म्हणाले, "लहानपणी या पायाला कधी मोठी जखम झाली होती? हाडापर्यंत?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "न्हाई."

"मग हा व्रण?"

"काटा लागला व्हता. बाभळीचा. परवाच्या साली."

आय म्हणाली, "आरं, काटा लहानपनी लागला व्हता न्हवं?"

"त्यो येगळा, आये. त्यो दुसऱ्या पायाला."

तापानं त्याचे डोळे लाल झाले होते. तो खोटं बोलत होता आणि माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, भ्रमिष्ट झाला की काय हा? मेल्या, जीव जाईल तुझा, सांग की! आयच्या देखत मला स्वतःला ते सांगवत नव्हतं. डॉक्टरांनी पेन उघडलं. प्लास्टर, असं काहीतरी ते नर्सला म्हणाले. दादानं डावा हात उचलला आणि बोटं स्वतःच्या गळ्याला लावली. नुसती लावली, आणि माझ्याकडे बघत राहिला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरापोरींच्या शपथेचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. ज्यानं शपथ घातली त्यानंच ती सोडवायची. मी ती कधी सोडवलीच नव्हती.

सर, डॉक्टर, नर्स, आय, सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "दादा, शप्पथ सुटली."

"मोठ्यांदा म्हण."

"सुटली! सुटली रे, सुटली!" मी ओरडले. शेजारच्या खाटांवरचे लोक उठून बसले.

दादानं डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. बुडीत, म्हैस, खुंटी, सगळं. फक्त ढकललं म्हणाला नाही, घसरलो म्हणाला. ते मी सांगितलं. हाड दिसल्याचं सांगितलं, पू किती दिवस जात होता ते सांगितलं. बोलताना मी आयकडे बघत नव्हते. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. मग सरांकडे वळून, जरा खालच्या आवाजात, म्हणाले, "तुमची रेघ दाखवा बरं एकदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा पाय उघडला. तो तुकडा मला दाखवला. राखाडी, भोकाभोकांचा, एका टोकाला वाकलेला. त्यातून निघालेले जंतू मी माझ्या हातानं वाढवले. तेच होते, करवंदांचे घोस. आणि त्यांच्या भिंतीतून काढलेल्या पदार्थासमोर दादाच्या सीरमनं रेघ दिली, तितकीच जाड. मी ती बशी कितीतरी वेळ हातात धरून बसले. एवढी वर्षं मी जे मनातसुद्धा आणलं नव्हतं, ते याच्या रक्तानं रोज आठवलं होतं, बारकाव्यासकट, खुंटी कोणत्या बाजूला वाकलीय इथपर्यंत.

आयनं मला शिव्या घातल्या नाहीत. ते फार वाईट होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी इस्पितळाच्या पायरीवर बसून भाकरी खाताना एवढंच म्हणाली, "म्हंजी बुडीताचंच व्हतं की." मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी वाद घातला नाही.

दादा वाचला. पाय राहिला, जरासा आखूड. ताप उतरला त्या दुपारी मी त्याच्या खाटेशी बसले होते आणि माझा राग उफाळून आला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. बावळट म्हणाले, गाढव म्हणाले. "एवढा बाप्या झालास, पदरात पोरं हायेत तुझ्या, आन् पोरासोरांची शप्पथ पाळत बसलास? मेला असतास ना!"

तो छताकडे बघत होता. तसाच म्हणाला, "आन् म्या सांगितलं असतं, आन् तू मेली असतीस तर?"